उरेब माप

या घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी कटिंगचं टेबल रिकामं करायचं, ही शिंपी असलेल्या वडिलांच्या, अण्णांच्या, वेळची पद्धत. अण्णा गेले, पद्धत राहिली. कपडे धुण्याचं मशीन याच टेबलाभोवती ठरलं. धाकट्या भावाचं लग्न इथेच ठरलं आणि मोडलंही इथेच. त्यामुळे रविवारी सकाळी थोरल्या भावाने, मास्तरांनी, टेबलावरचे कापडाचे तुकडे स्वतःच्या हातांनी बाजूला सारले, तेव्हा बेबीने ओळखलं की आज लॅपटॉपचा निकाल लागणार.

बेबी पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. तिच्या पाठीवर धाकटा झाला, केस पिकायला लागले, सासरी जाऊन ती परतही आली, तरी बेबीची बेबीच राहिली. दुकानात काज, बटणं, हातशिलाई आणि दुरुस्ती तिच्याकडे. रात्री ती दुकानामागच्या खोलीत झोपायची आणि दिवसा त्याच खोलीत गिऱ्हाइकं कपडे घालून बघायची, कारण मोठा आरसा तिथेच होता. तिच्या पलंगावर दिवसभर परक्या माणसांच्या पँटी पडलेल्या असत. पूर्वी ती यावर स्वतःच विनोद करायची. हल्ली करेनाशी झाली होती.

आणि आता तिला कॉम्प्युटरवर कपड्यांचे पॅटर्न काढायच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. सहा महिने, रोज संध्याकाळी, घरबसल्या. सोमवारी सुरू. फोनवर जमण्यातलं ते काम नव्हतं, लॅपटॉप हवाच होता. कोर्स झाला की तयार कपड्यांच्या कारखान्यांत नोकरी मिळते, हे तिने फक्त भाचीला, मास्तरांच्या ठमीला, सांगितलं होतं. ठमीला सांगितलं म्हणजे ते घरभर झालंच होतं. फक्त कुणी तोंडावर बोलत नव्हतं.

"घरासाठी एक लॅपटॉप घ्यायचा," मास्तर म्हणाले. "एकच. रोजच्या वापराचा. ठरलंय त्याच्या वर जायचं नाही. आणि घ्यायचा तो वाढत्या अंगाचा."

वाढत्या अंगाचं घेणं हा मास्तरांचा जन्माचा रोग. ठमीचा शाळेचा गणवेश त्यांनी इतका वाढत्या अंगाचा शिवला होता, की तो तिला नीट बसेपर्यंत शाळा संपत आली. फ्रिज वाढत्या अंगाचा आणला, म्हणून स्वयंपाकघराचं दार आजतागायत अर्धंच उघडतं. त्या अर्ध्या दारातून आडवं होत वहिनी चहा घेऊन आल्या.

"मला दुकानाची बिलं करायचीत," मास्तरांनी एक बोट दुमडलं. "ठमीचं कॉलेज आहे. हिला हिच्या बहिणीशी बोलायचं असतं."

"मला मॅच," धाकटा म्हणाला. धाकटा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. "आणि एखादा गेम. म्हणजे पडदा मोठा हवा."

"मला पातळ हवाय," ठमी म्हणाली. "बॅगेत मावणारा. माझ्या मैत्रिणीकडे आहे तसा."

"तुझ्या मैत्रिणीच्या बापाचं दुकान नाही, मॉल आहे."

"आणि माझा कोर्स," बेबी म्हणाली.

चहाचे कप एकाच वेळी बशीत टेकले. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"त्याचंही होईल की," ते म्हणाले. "घरचाच असणार आहे. रिकामा असेल तेव्हा बस."

इथे बेबीच्या मनात काहीतरी ताठ झालं. या घरात 'घरचा' म्हटलं की काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घरची स्कूटर मास्तर चालवायचे. घरचा टीव्ही धाकट्याच्या उशाशी होता. आणि बेबीची खोली घरची होती, म्हणून तर तिथे पँटी पडलेल्या असत.

"रिकामा असेल तेव्हा नाही, दादा. रोज सात ते नऊ. खोलीचं दार लावून."

"सात ते नऊ? ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला? आणि ट्रायल कुठे घ्यायच्या?"

"ते नंतर बघू. आधी हे सांग, अण्णा गिऱ्हाईक समोर उभं केल्याशिवाय कात्रीला हात लावायचे का?"

"नाही लावायचे."

"मग तू माप कुणाचं घेतोयस?"

"घराचं."

"घराला अंग नसतं, दादा."

धाकट्याला हसू फुटलं, ते त्याने चहात बुडवलं. मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. आंघोळीची वेळ सोडली तर ती टेप त्यांच्या गळ्यातून उतरत नसे. "दुकानात जाऊन बघू," ते उठत म्हणाले. "बघितल्याशिवाय बोलण्यात काय अर्थ."

निघताना बेबीने मनाशी पक्कं केलं की आज काही झालं तरी 'बरं, तू म्हणशील तसं' हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडू द्यायचं नाही. हे वाक्य तिने आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की ते आपोआप जिभेवर येऊन बसायचं.

लॅपटॉपच्या दुकानात अख्खं कुटुंब शिरलं तेव्हा तिथला विक्रेता आनंदला. पाच माणसं आणि एकच लॅपटॉप, हे त्याला नंतर कळलं.

सगळे चार दिशांना पांगले. धाकटा सरळ गेला तो ज्याच्या कळांखाली लाल दिवे पेटत होते त्याच्याकडे. किंमत वाचून तो त्याच पावली मागे आला. ठमीचा पातळ लॅपटॉप तर त्याहून महाग निघाला. तिने तो एकदा उघडला, एकदा मिटला, आणि हळहळत जागेवर ठेवला. मास्तर मात्र एका थोराड, काळ्या लॅपटॉपसमोर उभे होते. त्याच्यावर सवलतीची पिवळी चिठ्ठी होती.

"पडदा साडेपंधरा इंचांच्या वर," विक्रेता सांगत होता. "साठवायला जागा भरपूर, अख्खा एक टीबी. आकड्यांच्या कळा वेगळ्या. बिलांना बरं पडतं."

"हाच," मास्तर म्हणाले. "ऐसपैस आहे. उद्या गरज वाढली तरी कमी पडायचा नाही."

आणि मग त्यांनी जे केलं, ते जगात दुसऱ्या कुठल्या कुटुंबाने त्या दुकानात केलं नसेल. त्यांनी गळ्यातली टेप काढली, पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणली, चष्मा सारखा करून वाचलं, आणि विक्रेत्याकडे असं बघितलं की तो बिचारा एक पाऊल मागे सरकला.

"साडेतेरा भरतंय," मास्तर म्हणाले. "साडेपंधरा सांगता आणि साडेतेरा देता?"

"काका, ते तसं नसतं..."

"कसं नसतं? चाळीस वर्षं माणसांची मापं घेतोय मी. टेप काय खोटं बोलते?"

शेजारची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. वहिनी हळूच टीव्हींच्या रांगेकडे सरकल्या, म्हणजे आपण यांच्याबरोबर आहोत हे कुणाला कळू नये. ठमीने ओढणीत तोंड लपवलं. विक्रेता तोंड उघडत होता आणि मिटत होता. बेबीने पडद्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं.

"दादा, उरेब मोज," ती म्हणाली.

"काय?"

"उरेब धर टेप. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला."

उरेब म्हणजे कापड तिरकं धरून घेतलेलं माप, हे शिंप्याच्या घरात लहान पोरालाही कळतं. मास्तरांनी टेप तिरकी धरली. माप बरोबर भरलं. त्यांनी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"मग उरेब मापतात असं लिहायचं ना," ते विक्रेत्याला म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

विक्रेत्याला आता या घरात बोलायचं कुणाशी ते समजलं. तो बेबीकडे वळला. "मॅडम, वापरणार कोण?"

"सगळे," मास्तर म्हणाले.

"मी," बेबी म्हणाली. "सगळ्यात जास्त मी. मला पॅटर्न काढायचेत. बाकीच्यांची बिलं, अभ्यास, फोटो."

"मग हा नका घेऊ. याची डिस्क जुन्या पद्धतीची आहे, सुरू व्हायलाच वेळ घेतो. साठवायला जागा आहे, पण मेमरी कमी. दोन-तीन कामं एकदम उघडली की अडतो."

"साठवायची जागा वेगळी आणि मेमरी वेगळी?"

ठमी मध्ये आली. "आत्या, साठवायची जागा म्हणजे आपलं कापडाचं कपाट. मेमरी म्हणजे कटिंगचं टेबल. एका वेळी किती पसरता येतं ते."

"म्हणजे याचं कपाट मोठं आणि टेबल एवढंसं," बेबी म्हणाली. "अशा दुकानात मी एक दिवस काम करणार नाही."

विक्रेत्याने मधल्या फळीवरचा एक राखाडी लॅपटॉप काढला. चौदा इंची, उचलायला हलका. दिसायला अगदी साधा, कुणी वळून बघणार नाही असा. कपाट मध्यम, टेबल पहिल्याच्या दुप्पट, डिस्क नव्या पद्धतीची. किंमत ठरलेल्या आकड्याच्या आत. बेबीने तो उघडून कळांवर बोटं ठेवली. तिची बोटं सुईने टोचून टोचून राठ झाली होती, पण कळा तिला बऱ्या वाटल्या.

"एवढ्याशा पडद्यावर पॅटर्न दिसायचा कसा?" मास्तरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि आपला प्रश्न रास्त आहे हे कळल्यावर त्यांना जरा उभारी आली. "हा अंगाबरोबरचा आहे. उद्या घट्ट झाला म्हणजे?"

"पडदा लहान वाटला तर केबल लावून टीव्हीला जोडता येतो," विक्रेता म्हणाला.

"टीव्हीला?" धाकट्याचे कान टवकारले. "म्हणजे मॅच टीव्हीवर?" त्याने लॅपटॉप उलटा केला, खालच्या जाळीला तळहात लावला, वारा कुठून येतो आणि कुठून जातो ते पाहिलं. मग त्या थोराड काळ्याचंही तसंच पाहिलं. "दादा, तो काळा दुकानात ठेवलास तर दोन महिन्यांत त्याचा पंखा धाग्यांनी कोंदेल. वजनदार वस्तू, रोज आत-बाहेर कोण करणार? हा बरा. बेबीताई म्हणतेय तोच घे."

"तुझं काय, जिकडे मॅच तिकडे तू."

"आणि घट्ट झालाच," विक्रेता घाईने म्हणाला, "तर आत एक जागा रिकामी आहे. पुढे मेमरी वाढवता येते."

बेबीने मास्तरांकडे बघितलं. "दादा, ऐकलंस? आत माया सोडलीय."

विक्रेत्याला काही उमगलं नाही. कपडा मापाचा शिवतात, पण शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात. माणूस भरला की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. त्या आत ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. मास्तर जे कपडे गिऱ्हाइकांचे शिवत, त्यात माया ठेवत. वाढत्या अंगाचं शिवत ते फक्त घरच्यांसाठी. घरचं माणूस मापाचं कसं असेल याची त्यांना कधी खात्रीच वाटली नाही.

वहिनी टीव्हींच्या रांगेतून परत आल्या होत्या. त्यांनी राखाडी लॅपटॉपच्या पडद्यात स्वतःला एकदा निरखलं. "कॅमेरा बरा आहे," त्या म्हणाल्या. "अहो, हाच घेऊ या. आणि सात ते नऊ मी कुणाशी बोलत नाही. मला त्या वेळी स्वयंपाक असतो."

एवढं सरळ वहिनींनी कधी बेबीची बाजू घेतली नव्हती. मास्तरांनी एकेकाकडे बघितलं. मग ते काचेचं दार ढकलून बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले.

बेबी त्यांच्यामागे गेली. बाहेर रविवारची रहदारी होती, समोर चपलांच्या दुकानाचं शटर कुणीतरी रंगवत होतं. मास्तर त्या रंगवणाऱ्याकडे बघत होते.

"तू शिकलीस की जाशील," ते म्हणाले.

शेवटी तो शब्द बाहेर आला. बेबीला बरंच वाटलं. इतके दिवस सगळे त्याच्याभोवती पाय चुकवून चालत होते.

"जाईन कदाचित," ती म्हणाली. "आत्ता मलाही माहीत नाही."

"मग काज कोण करणार?"

"तुला काजांची काळजी आहे का माझी?"

मास्तरांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "दोन्हींची," ते म्हणाले. "मागच्या वेळी तू या घरातून गेलीस, तेव्हा काय होऊन परत आलीस ते मी बघितलंय. वर्षभर तू धड जेवत नव्हतीस. पुन्हा ते बघायची माझी तयारी नाही."

हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आज बोलले ते नेमकं बेबी भांडायला कंबर कसून आली असताना. 'बरं, तू म्हणशील तसं' जिभेवर येऊन बसलं. तिने ते गिळलं.

"तेव्हा तुम्ही मला पाठवलं होतंत, दादा," ती म्हणाली. "तू, अण्णा, सगळ्यांनी मिळून. या वेळी गेले तर माझी मी जाईन. आणि राहिले तर तेही माझं मी राहीन. आत्ता राहतेय ते राहणं नाही, नुसतं पडून राहणं आहे. मला ते नकोय."

"तुला इथे काय कमी आहे?"

"दार."

रंगवणाऱ्याने डबा उचलला आणि शिडी पुढे सरकवली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला.

आत येऊन ते विक्रेत्याला म्हणाले, "तो राखाडी बांधा." मग थोडं थांबून, "बरोबर बॅग देता ना? बॅग तरी जरा वाढत्या अंगाची द्या."

रविवारचा उरलेला दिवस ठमीने आत्याला लॅपटॉप शिकवण्यात घालवला. धाकट्याने, कपाळावर आठी न घालता, मागच्या खोलीच्या दाराला कडी बसवली. आजवर त्या दाराला कडी नव्हती, हे बसवताना त्याच्या लक्षात आलं आणि तो जरा ओशाळला. "हे कुणी आधी सांगायचं नाही का?" तो म्हणाला. "मीच सांगायला हवं होतं," बेबी म्हणाली, आणि विषय संपवला.

सोमवारी सात वाजायला आले तेव्हा तिने पलंगावर पडलेल्या पँटी गोळा केल्या, बाहेर नेऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवल्या, आत आली आणि कडी लावली. पडद्यावर चौकोनाचौकोनांतून चेहरे उगवले. त्यात तिच्याहून लहान पोरीच जास्त. शिकवणाऱ्या बाईंनी सदऱ्याची पाठ कशी आखायची तिथून सुरुवात केली. बेबीने शेकडो सदऱ्यांना हात लावला होता, पण पाठीची पहिली रेघ कुठून काढायची हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती पुढे झुकली.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी आलं. "मास्तर, उद्या सकाळी मुलाखत आहे हो. फक्त पँट खालून आखूड करायचीय. थांबतो मी."

"बेबी," मास्तरांनी हाक मारली.

तिचे पाय आपोआप जमिनीला टेकले. इतक्या वर्षांत ही हाक आली आणि ती उठली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"बेबी, अगं जरा..."

पावलं दारापर्यंत आली. कडी हलली नाही, पण पलीकडे कुणीतरी उभं आहे हे तिला कळत होतं. बाईंचा आवाज नीट कानांत शिरेना. उठायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. आज उठले तर रोज उठेन.

मग स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, मोठ्याने आणि अगदी सहज. "अहो, ती वर्गात बसलीये ना."

पावलं वळली. खण उघडल्याचा आवाज झाला, काहीतरी खाली पडलं, मास्तर कुणाला तरी "माझा जवळचा चष्मा कुठे ठेवलाय" असं विचारताना ऐकू आले. गिऱ्हाइकाला त्यांनी बसायला सांगितलं. थोड्या वेळाने बाहेरचं मशीन घरघरायला लागलं. सुरुवातीला अडखळत, दुरुस्तीचं काम बऱ्याच दिवसांनी हाती घेतल्यासारखं, आणि मग सुरळीत.

पडद्यावरच्या बाई थांबल्या. "कुणाकडे तरी मशीनचा आवाज येतोय. कुणाकडे येतोय?"

सगळे चौकोन आपापल्या घरात इकडेतिकडे बघायला लागले.

"माझ्याकडे येतोय, मॅडम," बेबी म्हणाली. "भाऊ माझं काम करतोय."

मग तिने ठमीने दाखवलेली कळ शोधून माइक बंद केला आणि पाठीची पहिली रेघ काढली.